देशमुखाचा गवा

अर्जुनराव देशमुखाला रावसाहेब व्हायचं होतं, आणि त्यासाठी एक गवा मारायचा होता. जळगाव जामोदला गोरा साहेब तळ ठोकून होता. त्याला शिंगांसकट मुंडकं नजराणा म्हणून दिलं की पदवी घरी चालत येते, असं कुणीतरी देशमुखाच्या कानात भरवलं होतं. माग काढायला त्यानं कय्यूमला बोलावलं. सातपुड्याच्या त्या अंगाला कय्यूमइतका गवा कुणालाच कळत नसे, आणि हे कय्यूमला जरा जास्तच ठाऊक होतं.

वरच्या खोऱ्यात सातच गवे उरले होते, त्यांतलं एक दूधपितं वासरू. ते या गाढवाच्या बंदुकीपुढे जाऊ नयेत, एवढंच कय्यूमला हवं होतं. देशमुखानं ती सोय स्वतःच करून दिली. वैशाखाच्या भर दुपारी तो पायथ्याच्या डबक्याशी मचाण बांधून बसला.

"उन्हाचा गवा चिखलात लोळाले येते," तो म्हणाला. "माह्या गोठ्यात चाळीस म्हशी अन् चार हेले हायत, तू मले काय शिकवतं बे? लोकं म्हणतात तुले गवा समजते. तुले हेलाही समजत नाही!"

रान उठवायला आणलेले हाकारे खो खो हसले. कय्यूमची जीभ अशी काही खाजली! अरे, चिखलात लोळणं म्हशीचं काम. गव्याच्या कातडीला अंगचंच तेल सुटतं. उन्हाळ्यात तो वर बांबूच्या सावलीत बसून रवंथ करतो आणि ऊन कललं की वरच्याच झऱ्यावर उतरतो. ऊन कधी टाळावं हे जनावराला कळतं, देशमुखाला पागोट्याखाली डोकं असून कळत नाही. पण एक शब्द बोललं की सात जीव गेले. "हाव मालक," कय्यूम म्हणाला.

तिसऱ्या दुपारी डबक्यातून काळी पाठ वर आली. देशमुखानं दोन्ही नळ्या झाडल्या. धूर निवळला तेव्हा मेली होती ती त्याचीच, रानात चरायला सोडलेली म्हैस. त्यानं सगळ्यांवर डोळे वटारले आणि मुंडकं तोडून साहेबाच्या तळावर न्यायला सांगितलं. लाज कोळून प्यालेला माणूस तो!

साहेब नवा होता, पण अगदीच आंधळा नव्हता. मागे वळलेली ती चपटी शिंगं चाचपून त्यानं कय्यूमलाच पुढे बोलावलं.

"तुम जानता है, सुना. ये गवा है? और उपर कितना है? हम कल जाएगा."

भोवती अर्धा तालुका जमला होता. म्हैस आणि गवा डोळे मिटून ओळखणारी माणसं ती. त्यांच्यासमोर, तीस वर्षं रान तुडवून कमावलेल्या नावाचं काय होणार, हे कय्यूमला दिसत होतं. त्याला रडू आलं, देशमुखाची किळस आली.

"जी साहब, गवा है," तो म्हणाला. "आखरी था. उस डोंगर में अब एक भी नहीं."

साहेबानं उद्याच्या शिकारीची तयारी थांबवायला सांगितली. गर्दीतला एक म्हातारा गुराखी पचकन थुंकला.

"तीस वर्सं म्हशीच हुंगत होता काय बे?"

कय्यूमनं साहेबाला सलाम केला आणि घरची वाट धरली.