आईच्या काकडीचं बी

आमच्या आईला सोन्यानाण्याचं कौतुक नाही. तिचा जीव एका काकडीत आहे. तिचं बी आजीकडून आईकडे आलं. दर वर्षी एक काकडी ती वेलावरच पिवळीधमक होऊ देते, बी काढून वाळवते आणि पुढच्या वर्षी तेच पेरते. ही काकडी बाजारात मिळत नाही. एक हंगाम हुकला की कायमची गेली.

यंदा तिने होतं नव्हतं ते सगळं बी परसातल्या वाफ्यात लांब लांब टोचलं आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली. तिथून परस्पर मावशीकडे. जाताना बाबांना एवढंच म्हणाली, "तण तेवढं काढत जा."

बाबांनी जन्मभर शिलाई मशीन चालवलं. तण कोणतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कुणाला विचारणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी शिंप्याचं डोकं लावलं. भरपूर आहे ते कापड, अधूनमधून दिसतात ते लोंबणारे धागे. वाफ्यात कातरलेल्या पानांची नाजूक रोपं दाट उगवली होती. मध्येच कुठेतरी जाड, गोल पानांची बेढब पिल्लं. बाबांनी ती वेचून मातीसकट उपटली आणि न्हाणीघरामागच्या उकिरड्यावर भिरकावली.

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागल्यावर मी घरी आले, तेव्हा बाबा वाफ्यापाशी शिंकत उभे होते. मान लालबुंद, हात खाजवून खाजवून सोललेले. वाफ्यात कमरेएवढं गाजरगवत डुलत होतं. वरून कात्रीने एका रेषेत छाटलेलं.

"कसं आलंय?" बाबांनी विचारलं.

"बाबा, हे गाजरगवत आहे. लोक हे हातमोजे घालून उपटतात."

"मग काकडी कुठंय?"

"ते तुम्हीच सांगा."

मी चार शब्द सुनावणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून गिळले. नेमका तेव्हाच आईचा फोन आला.

"अहो, फुलं आली का?"

"आलीत की."

"पिवळी ना?"

बाबांनी समोरच्या पांढऱ्या फुलांकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातात कोंबला. "पिवळी," मी बेधडक ठोकून दिलं.

दिवसभर आम्ही दोघांनी शिंकत शिंकत गवत उपटलं. संध्याकाळी भारा टाकायला उकिरड्याकडे गेले आणि जागीच थांबले. राख, सालं आणि चहाच्या चोथ्यावर काकडीचा वेल ऐसपैस पसरला होता. पिवळी फुलं, पानाआड काकड्या. माणसाची पहिली शेती अशाच उकिरड्याच्या कडेला सुरू झाली असावी, असं मी वर्गात सांगते. मुलांना ते पटत नाही. खरं तर मलाही त्या दिवशीच पटलं. मी आनंदाने हाका मारल्या, तर बाबा कात्री घेऊनच आले.

"जरा नीटनेटकं करतो," ते म्हणाले. मी कात्री काढून घेतली.

आई आली ती काठी टेकत थेट वाफ्यापाशी. वाफा रिकामा. तिचा चेहराच उतरला. बाबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, मग तिचा हात धरून उकिरड्याकडे नेलं. आईने पान उचललं, काकडी चाचपली आणि पदराने डोळे पुसले.

"इथे तुमचा हात लागला नाही म्हणून वाचली," ती म्हणाली.

नवं बी वाळेपर्यंत बाबांनी त्यासाठी एक पिशवी शिवली. एका बाजूला दोऱ्याने काकडीचं पान, दुसऱ्या बाजूला गाजरगवताचं, अगदी हुबेहूब. आई भलतीच खूश झाली.

"आता सांगा, यातलं उपटायचं कोणतं?"

बाबांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. पुन्हा उलटली. कपाळाला घाम आला.

"असं घरात बसून कसं सांगणार?" ते म्हणाले. "वाफ्यात गेलो की कळेल. ज्याने शिंक येईल ते उपटायचं."

आईने पिशवी काढून घेतली. पुढच्या हंगामात तिने बी वाफ्यात पेरलंच नाही. सरळ उकिरड्यावर टोचलं.