पुठ्ठ्याचे हेर

नमुन्याचा ताव मशीनवर चढवला आणि माझा हात तिथेच थांबला. तावावर बारा गोदामं होती. मिठाचं, तेलाचं, लोखंडाचं, औषधांचं. नदीच्या या काठाला सहा, त्या काठाला सहा. डावीकडे नदीनं एक विचित्र वळण घेतलं होतं. ते वळण माझं. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पेन्सिलीनं नदी काढत होतो, तेवढ्यात बायकोनं टेबल पुसायला घेतलं आणि माझ्या कोपराला धक्का लागला. त्या धक्क्यासकट छापलं होतं सगळं.

तावाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘खेळाची रचना’ असं लिहून खाली एकच नाव होतं. माझ्या मेहुण्याचं.

मी सव्वीस वर्षं या कारखान्यात पुठ्ठा कापतो. लाकडी फळीत पोलादी पाती बसवलेली असतात, तिला आम्ही डाय म्हणतो. छापलेला ताव तिच्यावर दाबला की खोकी, झाकणं, सोंगट्या, जे काय असेल ते सुटं होतं; या कामाला पंचिंग म्हणतात. बुटांची खोकी माझ्या हातची, औषधांची माझ्या हातची. उघडताना कोणी विचारत नाही कुणी कापलं, आणि विचारावं असं मला कधी वाटलंही नाही. मेहुणा याच कारखान्यात, वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत. कॉम्प्युटरवर तावाची मांडणी करतो, म्हणजे कुठला तुकडा तावावर कुठे बसवायचा ते ठरवतो. त्याला इथे चिकटवला कोणी? मीच. शिकायला म्हणून आमच्याकडे आला तो आठ वर्षं राहिला. ताटात काय हवं नको ते बायकोनं त्याला आधी विचारलं, मला नंतर.

खेळाचं खूळ निघालं ते सात महिन्यांपूर्वी. कारखान्यात कुणाच्या तरी खेळाचं काम आलं होतं. फासे टाका आणि पळा, बस. मी घरी येऊन म्हणालो, असला खेळ मी झोपेत बनवीन. मेहुणा रविवारचा जेवायला आलेला होता. तो म्हणाला, बनवा मग, जागेपणी. झालं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही तिघं टेबलाला बसायला लागलो.

पहिली कल्पना मला पिठाच्या डब्यावरून सुचली. बायको बिस्किटं पिठाच्या डब्यात लपवते. का, तर मी बरणी रिकामी करतो म्हणून. आणि मला ते ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मी म्हणालो, खेळात असंच पाहिजे. प्रत्येकानं आपला माल गुपचूप गोदामात भरायचा, समोरच्याला फक्त बंद दार दिसायचं. मेहुण्यानं त्यात हेर घातले, एवढं त्याचं श्रेय मी मोठ्या मनानं देतो. प्रत्येकाकडे तीन कामगार, पुठ्ठ्याच्या लांबट सोंगट्या, पाठ सगळ्यांची सारखी. त्यातला एखादा दुसऱ्याचा माणूस.

मग वाद सुरू झाला तो हेर पकडायचा कसा यावर. मेहुण्याला फासे हवे होते. सहा पडले की पकडला. माझं डोकंच फिरलं. अरे, हेर काय लॉटरीत लागतो? तो सापडतो त्याच्या सवयींमुळे, वागण्यात कुठेतरी खोट दिसते म्हणून. या फाशांवरून आम्ही दोन रविवार एकमेकांशी बोललो नाही. तो बायकोला सांगायचा, ‘भावोजींना सांग’, आणि मी तिला सांगायचो, ‘तुझ्या भावाला सांग’, आणि तिघंही एकाच टेबलाशी बसलेले.

तिसऱ्या रविवारी बायको भाजी निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, “तो हेर राबतो तुमच्याकडे. मग जेवतो कुणाकडे?”

तिचं बरोबर होतं. तुमच्या घरात जो आहे त्याला दर डावाला एक पोतं धान्य तुम्हीच घालायचं, तो हेर असला तरी. आणि जितकं तो जास्त खाईल तितकी तुमची जास्त गोदामं त्याला उघडता येतील. उपाशी ठेवलं तर कामगार पळून जातात, खायला घातलं तर आतला माणूस माजतो. आता करा काय करायचं ते. या एका नियमानं खेळ उभा राहिला. फासे त्याच दिवशी खिडकीतून बाहेर गेले, अक्षरशः.

जिंकायची मात्र नेहमी बायको. डाव पाच-सहा फेऱ्या चालला की ती बोट ठेवायची, “हा.” सोंगटी उलटी केली की हेर. मेहुणा डोक्याला हात लावायचा. मला पुढे कळलं ती काय बघते ते. पुठ्ठ्यालाही लाकडासारखे धागे असतात. आमच्या सोंगट्या मी कारखान्यातल्या कातरणांतून कापल्या होत्या, आणि हेरांच्या वेळी पट्टी अरुंद उरली म्हणून त्या आडव्या धाग्यावर कापाव्या लागल्या. खेळाचा डबा असायचा शेगडीच्या वरच्या फळीवर. रोजची वाफ खाऊन दोनच महिन्यांत हेर तेवढे लांबीवर वाकले, दोन्ही टोकं किंचित वर. माझ्यासारख्याला ते डोळे मिटूनही कळावं, आणि मला बायकोनंतर कळलं. मी काही बोललो नाही. घरात कुणीतरी जिंकायला हवंच.

तर तो ताव हातात घेऊन मी जिना चढलो. मेहुणा काचेच्या खोलीत एकटाच होता. मला बघितल्यावर उठून उभा राहिला, म्हणजे काय झालंय ते त्याला माहीत होतं. मालकांनी विचारलं, नवीन काही आहे का, म्हणून त्यानं दाखवला. मालकांना आवडला. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. असं सगळं तो खाली बघून सांगत होता.

“तेव्हा मी कसं सांगणार, भावोजी, की खाली पंचिंगला आहेत त्यांनी केलं म्हणून? ऐकूनच घेतलं नसतं त्यांनी. खेळ बाहेर तर येतोय ना.”

मी विचारलं, आणि तुझ्या ताईचा नियम?

“तोही घेतलाय,” तो म्हणाला. “नववा.”

घेतलाय. जणू काही उपकार केले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हातांनी याला आठ वर्षं वाढलं त्यांचा नियम नववा, आणि नाव कुठेच नाही. मला त्याच्या दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. काचेची खोली होती, खालून सगळे बघत होते. मी ताव गुंडाळला आणि उतरलो.

मशीनपाशी आल्यावर तो ताव नीट पसरला आणि तेव्हा मला दिसलं. एकाच तावात सगळं मावावं म्हणून त्यानं बारा हेर आडवे फिरवून कडेला बसवले होते. बाकीच्या सोंगट्या उभ्या, हेर आडवे. कॉम्प्युटरवर पुठ्ठ्याला धागा नसतो. त्यानं आयुष्यात पुठ्ठा हातात धरून वाकवून बघितलेला नाही, त्याला काय कळणार? मी मात्र उभ्या उभ्या पुढचं सगळं बघत होतो. पाच हजार डबे निघतील. लोक घरी नेतील. दोन महिन्यांत प्रत्येक डब्यातले हेर टोकं वर करून सांगतील, आम्ही हेर. खेळ संपला. आणि डब्यावर नाव कुणाचं? त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई लागणार होती. मला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. दिवसभर मी तेच चघळत राहिलो आणि खरं सांगतो, फार गोड लागलं.

संध्याकाळी बायको इस्त्री करत होती. तिला सगळं सांगितलं. ती आधी एवढंच म्हणाली की नियम पुरता छापलाय का. मी म्हणालो, तावावर वाचला, उपाशी ठेवलं तर पळून जातात, ते गाळलंय. तिनं इस्त्री उभी केली. मला वाटलं आता भावाची बाजू घेईल, मी भांडायच्या तयारीतच होतो.

“वाकू देत,” ती म्हणाली. “सगळेच्या सगळे वाकू देत. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही.”

सख्ख्या भावाबद्दल. मी तिला इतकी संतापलेली लग्नानंतर दोनदाच पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा कारण मीच होतो.

आता गंमत बघा. तिनं परवानगी दिली आणि माझ्या तोंडची चव गेली. मी जेवताना म्हणालो, अगं, लोक त्याला थोडीच नावं ठेवतील? ते म्हणतील, खेळच फुसका आहे. सहा फेऱ्यांत सगळं कळतं, यात डोकं काय लावायचं? नाव त्याचं असेल पण फुसका आपला खेळ ठरेल. तुझा नियम फुसका ठरेल. तिनं मला पोळी वाढली, पण ताटात आपटून.

सकाळी छपाई सुरू व्हायच्या आत मी मालकांच्या खोलीत गेलो. आदल्या दिवशी नमुन्यातून कापून नेलेला एक कामगार आणि एक हेर घरून निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून घेतले होते. टेबलावर दोन्ही ठेवले. हेराची टोकं चांगली वर आली होती, बोट लावलं तर डुलत होता. मालक हुशार माणूस. त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं आणि सोंगट्या त्याच्यासमोर सरकवल्या. म्हणाले, जुन्या माणसांकडून शिकावं जरा. मांडणी आजच्या आज बदल, दोन ताव लागले तरी चालतील.

मग ते माझ्याकडे वळले. “पण पाठ तर सगळ्यांची सारखी आहे. हा हेर आणि हा कामगार, आणि ते ओळखू आलं तर खेळ बिघडतो, हे तुला कसं माहीत?”

खोलीत आम्ही तिघंच. मी मेहुण्याकडे बघितलं. माझ्या ओठांवर होतं सगळं. पण मी बोललो असतो तर ते मागणं झालं असतं, आणि जे माझं आहे ते मी का मागायचं? ते त्यानं सांगायला हवं होतं. एवढी सोपी वेळ त्याला आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. मी थांबलो. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि क्षणभर मला वाटलं, आता बोलतो.

“मीच दाखवला होता त्यांना,” तो म्हणाला. “घरी.”

मालकांनी मान डोलावली. मी माझ्या दोन सोंगट्या उचलल्या आणि मशीनवर गेलो. नवी मांडणी आली, नवी डाय आली. पाच हजार डब्यांचा माल मी आठवडाभरात कापला. एक ताव तिरका गेला नाही. जाऊ दिला नाही. राग हातात उतरू नये म्हणून प्रत्येक ताव दोनदा जुळवून बघत होतो.

त्यानंतरच्या रविवारी मेहुणा आला. येईल असं मला वाटलं नव्हतं. हातात नवाकोरा डबा. दारातच म्हणाला, ताई, तुझ्यासाठी आणलाय. बायकोनं डबा घेतला, नाव वाचलं, बाजूला ठेवला, आणि शेगडीवरच्या फळीवरून आमचा जुना डबा काढला. बसा म्हणाली. आम्ही बसलो. कुणाला खेळायचं नव्हतं, पण तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती झाली नाही.

दर डावाला ती धान्याचं पोतं मोजून ठेवत होती. पाचव्या फेरीला तिनं एका सोंगटीवर बोट ठेवलं. “हा.”

उलटी केली. हेर.

मेहुणा कसनुसा हसला. सवयीनंच विचारलं त्यानं, “ताई, तुला दर वेळी कळतं कसं गं?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “घरात ठेवला की वाकतो तो,” ती म्हणाली. “मला पहिल्यापासून दिसत होतं. मी म्हटलं, असू दे.”

त्याला पुठ्ठ्याचं कळलं की नाही देव जाणे. उरलेलं त्याला कळलं. कान लाल झाले, उठायला लागला. तिनं हात धरून खाली बसवलं, जेवून जा म्हणाली, आणि ताट वाढलं. तो खाली मान घालून जेवला. तिनं दोनदा वाढलं, त्याला नको म्हणता आलं नाही. माझ्याशी तो एक अक्षर बोलला नाही आणि मीही बोललो नाही. माफ केलं असं कुणी समजू नये. अजून केलेलं नाही.

तो गेल्यावर बायको भांडी घासायला लागली, नेहमीपेक्षा जास्त आवाज करत. मी नवा डबा उघडला. सोंगट्या सुट्या केल्या, मिसळून पाठ वर करून ओल्या फडक्यावर मांडल्या, वरून दुसरं फडकं घातलं, आणि तिची भांडी होईपर्यंत वाट बघितली. मग फडकं काढलं. टेबलावर एकेक ठेवून नखानं टिचकी मारली. सगळ्या सारख्याच. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, डोळे टेबलाच्या कडेला लावून बघितलं.

त्यातला हेर कुठला, मलाही सांगता आलं नाही.