पाच वेळा हरलेली पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो, निवडणुकीच्या प्रचाराची. लांबी आठ फूट, उंची चार फूट, अंगावर रंगाचे सात थर. ओळीने पाच निवडणुका मी हरले आहे, आणि हे मी मान ताठ ठेवून सांगते. बाकीच्यांच्या पाट्या पुठ्ठ्याच्या. आमच्या अमेरिकेतल्या मोंटानातला वारा त्यांना ऑक्टोबर संपायच्या आत शेजारच्या राज्यात नेऊन टाकतो. मला त्याने कधी हलवलेसुद्धा नाही.

जन्माने मी पाटी नव्हे. थोरा लिंडव्हिकच्या वडिलांनी गव्हाच्या कोठारासाठी जाड फळ्यांचे दार केले आणि त्याला लाल रंग दिला, ते मी. पुढे कोठार कोसळले, दार उरले. १९७६ साली थोराने राज्याच्या विधानसभेला उभे राहायचे ठरवले, तेव्हा तिचा नवरा मिल्टन नवी पाटी आणायला निघाला होता. थोरानेच त्याला थांबवले.

"अरे, जत्रेच्या मिरवणुकीपुरती तर हवी. गोठ्यामागं ते दार पडलंय की!"

मिल्टनने मला पांढरा रंग लावला आणि वर निळ्या अक्षरांत तिचे नाव काढले. त्याचा हात फार सुबक. मिरवणुकीत मी ट्रकवर उभी होते, थोरा माझ्याशेजारी बसून मुलांच्या अंगावर मूठमूठ गोड गोळ्या उधळत होती, आणि मुले गोळ्या सोडून तिलाच हाका मारत होती. कारण थोरा शाळेची बस चालवायची. मुरुमाच्या साठ मैल रस्त्यावरचे प्रत्येक घर, प्रत्येक कुत्रा आणि कोणाच्या डब्यात काय असते हे तिला ठाऊक होते.

त्या रस्त्यात एक लाकडी पूल होता. त्याच्या तुळया इतक्या कुजल्या होत्या, की थोरा रोज सगळ्या मुलांना उतरवून पायी पलीकडे पाठवी आणि मग रिकामी बस एकटीने हळूहळू नेई. हा पूल नवा व्हावा म्हणून ती विधानसभेला उभी राहिली. पडली. दोन वर्षांनी पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही तेच. पण तीन प्रचारांत तिने त्या पुलाचे इतके गाणे गायले, की निवडून आलेल्या गृहस्थालाच तो बांधून घ्यावा लागला. फीत त्याने कापली. पहिली बस थोराने नेली, मुलांनी गच्च भरलेली. मी हरले होते खरी, पण त्या दिवशी मला फळ्या फुटतील इतका आनंद झाला होता.

मग तिच्या डोक्यात न्यायालय शिरले. आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, छोट्या न्यायालयाचा न्यायाधीश लोकच मते देऊन निवडतात. वकिली शिकलेला असावा असेही नाही. थोराच्या रस्त्यावरच्या एका विधवा बाईला गाडीचा दिवा बंद होता म्हणून दंड झाला. ती काही सांगू लागली, तर न्यायाधीशाने मान वर न करता पुढचे नाव पुकारले. थोरा तिच्यासोबत गेली होती. घरी आल्यावर ती मिल्टनला म्हणाली, "दंड कर ना, खुशाल कर. पण ऐकून तरी घे की नाही?"

त्या रात्रीच मिल्टनने रंगाचा डबा उघडला.

१९८२ साली ती हरली. १९८६ साली एकशे बारा मतांनी हरली. चर्चच्या तळघरात केक आणि कॉफी घेताना लोक तिला म्हणत, "थोरा, मत तुलाच दिलं हं!" एवढे जण म्हणत, की ती हसून विचारायची, "मग हरवलं कोणी, गाईंनी?" हरल्यावर ती कधी रडलेली मी पाहिली नाही. ती दुसऱ्या दिवशी पहाटे बस काढायची.

मी तेव्हा चौरस्त्यावर, आर्डेल ब्राटनच्या जमिनीत उभी होते. आर्डेल थोराचा जुना पाठीराखा, मोठ्या गोतावळ्याचा माणूस. खरे तर निवडणूक झाली की पाट्या काढायच्या असतात. पण माझ्या आडोशाला त्याची वासरे वाऱ्यापासून बसत, म्हणून त्याने मला तशीच राहू दिले. चार वर्षे मी तिथे उभी होते. लोक पत्ता सांगताना म्हणू लागले, "थोराच्या पाटीपाशी डावीकडे वळ." आणि इथेच एक घोळ झाला. आर्डेलचा नवा शेजारी कर्टिस मॅब्री दुसऱ्या काउंटीतून आलेला होता. रोज माझ्यावर तिचे नाव आणि न्यायाधीशपद वाचून तो धरूनच चालला, की थोराबाई न्यायाधीश आहेत.

१९९० च्या सप्टेंबरात, थोरा सहाव्यांदा उभी असताना, कर्टिसच्या गाई कुंपण ओलांडून आल्या आणि आर्डेलची गवताची अख्खी गंजी फस्त करून गेल्या. दोघांची जुंपली. कर्टिस म्हणाला, चल न्यायाधीशांकडे. आर्डेल मिशीत हसला. न्यायाधीश कोण आणि कोण नाही हे त्याला पक्के माहीत होते. पण थोरा आपली, पाटी आपल्या जमिनीत, मग निकाल कुठे जातो? तो म्हणाला, "चल की. ती बघ तिची पाटी."

चौरस्त्यावर बस आली, तशी ती थांबवून थोराने दोघांचे ऐकले आणि आधी हात जोडले. "कर्टिस, मी न्यायाधीश नाही रे बाबा. मागच्या खेपेला एकशे बारा मतांनी पडले मी. ही पाटी फक्त वासरांना आडोसा देते."

कर्टिस वरमला, पण म्हणाला, "शहर चाळीस मैलांवर आहे, बाई. तुम्ही समोर आहात. तुम्हीच सांगा."

"दोघांना चालेल?"

"चालेल," आर्डेल म्हणाला, जरा जास्तच लवकर.

आमच्याकडे सामाईक कुंपणाचा एक रिवाज आहे. दोन्ही शेजाऱ्यांनी कुंपणाच्या बरोबर मध्यावर यायचे, समोरासमोर तोंड करून उभे राहायचे, आणि ज्याच्या उजव्या हाताला कुंपणाचा जो अर्धा भाग येईल तो त्याने राखायचा. थोराने दोघांना कुंपणाच्या दोन टोकांना पाठवले आणि खांब मोजत मध्यावर यायला सांगितले. दोघे भेटले, एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले. तार ढिली पडली होती मध्यापासून चौथ्या खांबापाशी. आर्डेलच्या उजव्या हाताला.

वारा माझ्याकडेच वाहत होता, त्यामुळे मी शब्द न् शब्द ऐकला.

"तुझं गवत गाईंनी नाही खाल्लं, आर्डेल," थोरा म्हणाली. "तुझ्या ढिल्या तारेनं खाल्लं. भरपाई मिळायची नाही. तार तेवढी ओढून घे."

आर्डेलचा चेहरा लालबुंद झाला. "आमच्या घरात तेवीस मतं आहेत, थोरा."

"ठाऊक आहे. निम्म्यांना तर मीच शाळेत सोडलंय."

"विचार करून बोल."

"करूनच बोलले," ती म्हणाली आणि बसकडे चालू लागली. मित्रांनो, मतदानाला सहा आठवडे राहिले होते. तिने पासष्टी गाठली होती आणि या खेपेला पडले तर पुन्हा उभी राहणार नाही असे मिल्टनला सांगितले होते. हीच शेवटची संधी होती, आणि ती तिने चार खांबांपायी घालवली असे मला वाटले.

दुपारी आर्डेलने ट्रॅक्टरला साखळी लावून मला उपटले आणि रस्त्याकडेच्या चरात फेकले. तोंडावर. थोराच्या कानावर गेले, तेव्हा ती मिल्टनला म्हणाली, "राहू दे. जागा त्याची आहे." अशी सहा आठवडे मी काटेरी झुडपांत पडून होते. उंदरांनी माझ्या पाठीवर घर केले, पहिला बर्फही अंगावर पडला. ज्या पाटीला वारा पाडू शकला नाही, तिच्यावरून आता पुठ्ठ्याच्या पाट्या उडत जात होत्या. मला स्वतःपेक्षा थोराचे वाईट वाटत होते.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कर्टिसचा ट्रक थांबला. तो चरात उतरला, त्याने मला उताणे केले आणि आपल्या बाहीने माझ्यावरचा चिखल पुसला.

"उठा, बाई," तो मलाच म्हणाला. "निवडून आलात. नऊ मतांनी."

आमच्या भागाची पेटी छोटी. त्यात चव्वेचाळीस मते पडली आणि त्यांतली एक्केचाळीस थोराची होती. तिला न मिळालेली फक्त तीन, आणि ब्राटन मंडळी तेवीस. ही वजाबाकी शाळेतल्या पोराला जमेल. कोणीतरी दुकानात आर्डेलला छेडलेच, "काय रे, पाटी उपटलीस आणि मत?"

"माझं मत मी बायकोलाही सांगत नाही," तो गुरगुरला. मग टोपी डोक्यावर घट्ट बसवत म्हणाला, "पण जी बाई माझ्या तोंडावर मला चूक म्हणते, ती उद्या कोणालाही म्हणेल."

न्यायालयाच्या खोलीतले मेज मोडकळीला आले होते. मिल्टनने माझी पाठ रंधा मारून गुळगुळीत केली आणि मला त्या मेजावर बसवले. नाव खाली, पाठ वर. मनाला फार लागले, मित्रांनो. चौदा वर्षे जे नाव मिरवले, ते आता जमिनीकडे तोंड करून! मिल्टनलाही वाटले असावे. तो म्हणाला, "नाव वर ठेवूया की. एवढं कमावलंयस."

थोरा माझ्यावर कोपर टेकवून बसली. "इथं माझं नाव कशाला? इथं बसून येणाऱ्याचं नाव विचारायचंय मला."

त्यानंतर मला कधी वाईट वाटले नाही. बारा वर्षे मी त्या खोलीत होते. घाबरलेल्या माणसांचे तळवे माझ्यावर टेकत, ओले आणि गार. थोरा प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारी, "काय सांगायचंय तुला?" आणि मग शेवटपर्यंत ऐकून घेई. एकदा आर्डेलही आला, गव्हाचा ट्रक मर्यादेपेक्षा जास्त भरला म्हणून. पाऊण तास बोलला. तिने सगळे ऐकले आणि दंड ठोठावलाच. आर्डेलने टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "बरं, न्यायाधीशबाई." लहानपणापासून तो तिला नुसते थोरा म्हणत आला होता.

मित्रांनो, निवडणूक संपली की जिंकलेल्याची पाटी सगळे सांभाळतात. हरलेल्याची पाटी कुठे पडलेली दिसली, तर तेवढी दोन मिनिटे थांबा. तिच्यावरचा चिखल पुसा, कोरड्या जागी भिंतीला टेकवून ठेवा. तिच्या माणसाला कदाचित पुन्हा उभे राहायचे असेल.