चिठ्ठी नसलेलं गीतपुस्तक

मी गीतपुस्तक बोलतोय. प्रार्थनामंदिरातलं नव्हे, सुताराच्या कारखान्यातलं. फळीवर सरसाचा डबा आणि खिळ्यांच्या बरण्या यांच्यामध्ये माझी जागा आहे. आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे. देवाची गाणी पोटात घेऊन बसलेल्याला हे शोभत नाही, पण जे आहे ते आहे.

मला एक जुळा भाऊ आहे. एकाच छापखान्यात, कागदाच्या एकाच गठ्ठ्यातून आम्ही निघालो. ज्याने त्याची पाठ शिवली त्यानेच माझी शिवली, आणि दोघांना एकाच काळ्या कापडाचे पुठ्ठे चढवले. शेजारी शेजारी ठेवलं तर त्यालाही आम्ही वेगळे ओळखू आलो नसतो. मग जुळ्यात असं काय होतं जे माझ्यात नव्हतं? काहीच नाही. माझं दुखणं तेच आहे.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक, म्हणजे धर्मगुरू, निवडायची एक रीत आहे. मंडळी काही माणसांची नावं सुचवते. म्हातारे पाळक एकटेच आतल्या खोलीत जातात, सारख्या दिसणाऱ्या गीतपुस्तकांपैकी एकात चिठ्ठी ठेवतात आणि प्रत्येक पुस्तक सुतळीने बांधतात. मग ज्याने यातलं काही पाहिलेलं नाही असा दुसराच कोणी ती वरखाली करून टेबलावर मांडतो. सुचवलेल्या माणसांनी एकेक उचलायचं. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल त्याला देवाने निवडलं. हातपाय चालतात तोवर तो पाळक. बाकीच्यांनी आपापलं पुस्तक घेऊन घरी जायचं.

पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका निवडीच्या दिवशी आतल्या खोलीत म्हाताऱ्या पाळकांनी आधी मलाच उघडलं. मी हरखून गेलो. त्यांनी दोनचार पानं चाळली, थोडा वेळ डोळे मिटले आणि मला बाजूला ठेवलं. मग जुळ्याला उघडलं आणि चिठ्ठी त्याच्यात ठेवली. ती निसटून पडू नये म्हणून तिची चांगली घडी घातली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी काय वाईट केलं होतं? आणि त्याने तरी काय चांगलं केलं होतं?

बाहेर चार जण उभे होते. शाळामास्तर, पोस्टमन, सुतार आणि सुताराचा मावसभाऊ, जो शिंपी होता. सगळी मंडळी सुताराकडेच बघत होती. त्याला लहानपणापासून पाळक व्हायचं होतं, अर्धी गाणी तोंडपाठ होती. शिंप्याला मात्र दोन माणसांपुढे बोलायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. त्याचं नाव कुणी का सुचवलं ते देवच जाणे.

वयाप्रमाणे सुतार आधी पुढे आला. त्याने सरळ जुळ्यालाच हात घातला आणि उचललं. कडेवर अंगठा टेकवून तो क्षणभर थांबला. मग काय झालं कोण जाणे, त्याने जुळ्याला खाली ठेवलं आणि मला घेतलं. मास्तर आणि पोस्टमन यांनी आपापली पुस्तकं उचलली. जुळा एकटा उरला, तो शिंप्याच्या पदरात पडला. सुतळी सुटली, चिठ्ठी निघाली आणि शिंपी मटकन खाली बसला. मंडळी उठून गायला लागली. सुताराने मला इतकं घट्ट धरलं होतं की माझा पुठ्ठा वाकला.

मग काय विचारता! जुळा व्यासपीठावर मिरवायला लागला. लग्नात तो, मूल झालं की तो, कबरीच्या काठावरही तोच. लोक त्याला दोन्ही हातांनी घ्यायचे. माझ्यावर भुसा पडायचा. एकदा तर सुताराने हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली मला सरकवलं होतं. त्याच्या बायकोने पाहिलं म्हणून मी वाचलो.

सुतारही माझ्यासारखाच जळत होता. रविवारी घरी आला की सुरू व्हायचा, "आज पुन्हा तीच गोष्ट सांगितली त्याने. तीही अर्धवट."

बायको म्हणायची, "भावजींचं बोलणं इतकं वाईट असतं तर पहिल्या बाकावर कशाला बसता?"

"तो बाक मी केलाय म्हणून!"

पण मंडळी गायला लागली की हा ओठ मिटून बसायचा, असं तीच एकदा म्हणाली. हळूहळू त्याने मला उघडणंही सोडलं.

अशी वर्षं गेली. दोघांचेही केस पांढरे झाले. अलीकडेच एका दुपारी शिंपी, म्हणजे आता सगळ्यांचे पाळकसाहेब, काठी टेकत कारखान्यात आले आणि स्टुलावर बसले.

"मी आता थकलो. पुढच्या रविवारी नवा पाळक निवडायचा. तेव्हाची पुस्तकं गोळा करतोय. तुझंही दे."

मी फळीवर ताठ झालो. पुन्हा टेबल! पुन्हा सुतळी! या वेळी चिठ्ठी माझ्यातच पडणार, दुसऱ्या कुणात पडायची तिची बिशाद नव्हती.

सुताराने रंधा खाली ठेवला. "त्या दिवशी मी आधी कुठलं उचललं होतं, आठवतं?"

"अरे, माझे डोळे मिटलेले होते. माझ्या वाट्याला येऊ देऊ नकोस म्हणून देवाची विनवणी चालली होती माझी."

"तुझंच उचललं होतं. अंगठा ठेवला आणि कळलं, आत घडी आहे. केसाएवढा फुगवटा. लाकडावर हात फिरवून फिरवून तेवढं कळायला लागतं."

पाळक पुढे झुकले. "मग ठेवलंस का? तुला तर हवं होतं."

"हवं होतं म्हणूनच. कळल्यावर घेतलं असतं तर मीच मला निवडल्यासारखं झालं असतं. देवाने नाही." सुताराचा आवाज खाली गेला. "पण तेव्हापासून एकच भीती खाते. माझा हात त्यानेच तिथे नेला असेल तर? त्याने बोलावलं आणि मी नाही म्हटलं. नाही म्हणणाऱ्याचं तारण होतं का रे?"

पाळकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आणि मी इतकी वर्षं समजत होतो की देवाने मला हाताला धरून आणलं. म्हणजे मी तू टाकलेलं उचललं!"

"तसं नाही." सुतार उठून त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू रोज येऊन बसायचास तिच्याजवळ."

"मावशी होती माझी."

"माझी आई होती. मी इथे रंधा मारत बसायचो, आत जायचा धीर होत नव्हता. ती तुझा हात धरून गेली. तेव्हाच मला कळलं की निवड चुकली नाही. तुला सांगवलं नाही, कारण मी जळत होतो."

पाळकांचे डोळे भरून आले. "मीही जळायचो तुझ्यावर. तू संध्याकाळी हात धुऊन मोकळा व्हायचास."

मग तेच म्हणाले, "निवड चुकली नाही म्हणतोस, तर मग तुझा अंगठाही त्या निवडीत धरलेला असेल."

"पण अंगठा माझा होता. कुणी ओढला नाही."

"नाहीच ओढला. मीही ते पुस्तक माझ्याच हाताने उचललं."

"मग खरं काय?"

"दोन्ही. कसं ते विचारू नकोस. आयुष्यभर उपदेश केला, ते काही मला उलगडलं नाही. पण एक सांगतो. नाही म्हणणाऱ्याला तो सोडून देत असता तर आधी माझा निकाल लागला असता. मी त्या दिवशी सारखा नाहीच म्हणत होतो."

सुतार आधी हसला, मग रडला. मला मात्र घाई झाली होती. झालं असेल तर मला घ्या आणि चला!

सुताराने मला खाली काढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि छातीशी धरलं. "हे नाही देणार. दुसरं बांधून घ्या."

"अरे, ते तर रिकामं निघालं होतं."

"रिकामं आहे हे माहीत असून घेतलं होतं मी."

मी संतापलो. आयुष्यात एकदा संधी आली आणि यानेच ती घालवली! पाळक गेल्यावर मग ते वाक्य हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं. जुळ्याला लोकांनी मान दिला तो चिठ्ठीमुळे. माझ्यात काही नव्हतं, आणि काही नाही हे जाणून या माणसाने दुसरं खाली ठेवून मला घेतलं होतं.

रविवारी माझ्या जागी एक नवं कोरं पुस्तक टेबलावर गेलं. त्याचाही हेवा वाटलाच, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी सुताराने मला मंदिरात नेलं, पहिल्या बाकावर उघडलं आणि तोंड भरून गायला लागला. बायकोने दोनदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

तुम्ही विचाराल, तुला काय हवं होतं, चिठ्ठी की हा माणूस? पहिल्या निवडीच्या दिवशी मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी चिठ्ठीच मागितली असती. याने मला न विचारताच घेतलं. आज त्याच्या मांडीवर बसून मी पहिल्यांदा हो म्हणतोय.