घरची माणसं सोडून

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भावजींनी लोखंडी दांड्याने बाबांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला, माझे पुढचे तीन दात पाडले आणि आईला चपलांच्या कपाटासकट भिंतीवर आपटलं.

असं काही झालेलं नाही. मी आपलं सहज बोलून गेलो. आम्ही कॅमेरा घ्यायला गेलो होतो, तिथून सांगतो.

ताई आमच्याकडे परत आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग आणि एक चालू कान होता. दुसरा कान भावजींनी बंद केला होता. ताई कपड्यांच्या कारखान्यात कटर आहे. कापडाचे चाळीस चाळीस थर एका दमात कापते आणि सूतभर इकडेतिकडे होत नाही. भावजी फिजिओथेरपिस्ट. कुठलं हाड किती वाकतं आणि कुठे तुटतं याचं त्यांनी रीतसर शिक्षण घेतलंय, त्यामुळे त्यांच्या मारण्यात आडदांडपणा कधीच नसतो. नेमकं मारतात.

दर शनिवारी क्लिनिकला जाता जाता ते ताईची समजूत काढायला यायचे. पहिल्या शनिवारी त्यांनी दाराच्या काचेची समजूत काढली. दुसऱ्या शनिवारी ताईच्या दोन बोटांची, दाराच्या फटीत धरून. तिसऱ्या शनिवारी मी मध्ये पडलो, आणि बराच वेळ पडूनच होतो.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांची पाठ भावजींकडेच होती, आठवड्यातून दोनदा. साहेब म्हणाले, माणूस सज्जन आहे, माझी पाठ त्याने सरळ केली. बाबा म्हणाले, आमचीही करतोय. साहेब हसले नाहीत. पण साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं, तोंडी तक्रारीवर माझे हात बांधलेले आहेत. चेहरा दिसणारं, तारीख-वेळ असलेलं फुटेज आणा, त्याच दिवशी मनाई हुकूम काढून देतो. मग जावई तुमच्या घरापासून दोनशे मीटरच्या आत दिसला की उचललाच म्हणून समजा.

ताईला तेवढंच हवं होतं, दोनशे मीटर. त्या दोनशे मीटरमध्ये बसस्टॉप होता आणि कारखान्याची बस तिथूनच सुटायची. ती आता मागच्या दाराने सुद्धा कानाच्या दवाखान्यापलीकडे जात नव्हती. महिनाअखेरपर्यंत कामावर आली नाही तर तिचं टेबल दुसऱ्या कुणाला देऊ, असा कारखान्यातून निरोप आला होता.

म्हणून कॅमेरा.

दुकानदाराला सगळे तीनशेसाठ म्हणायचे, कारण काहीही विचारा, तो सगळं तीनशेसाठ अंशांत दिसेल असंच सांगायचा. त्याने आधी आम्हाला नमुना दाखवला. कुठल्याशा पार्किंगमध्ये दोन माणसं एकमेकांना हाणत होती. "इथे नाक फुटलं," तो म्हणाला. "थांबवतो. आता मोठं करतो. रक्ताचा रंग बघा. हलक्या कॅमेऱ्यात हे चॉकलेटी दिसतं." आई चष्मा लावून पुढे वाकली आणि म्हणाली, खरंच, लालभडक दिसतंय हो.

मग त्याने काउंटरखालून हातोडा काढला आणि घुमटासारख्या एका कॅमेऱ्यावर धाडधाड सहा घाव घातले. साधा ओरखडा नाही. बाबांनी त्यावरून हात फिरवला.

"हे कव्हर माणसाच्या मापात मिळतं का?"

"मागणी आहे," तीनशेसाठ म्हणाला, "पण अजून आलेलं नाही."

कॅमेरा निवडायला आम्हाला अडीच तास लागले. बाबांना लपवता येईल असा हवा होता. आईचं म्हणणं, लपवून कसा चालेल, उद्या जावईबापूंना कळलं तर त्यांना काय वाटेल. मी म्हटलं, मागच्या वेळी त्यांनी माझं डोकं नळाखाली धरलं होतं, तेव्हा मला काय वाटलं ते कुणी विचारलं होतं का? आई म्हणाली, तुझं डोकं धुवायला झालंच होतं.

शेवटी प्रश्न साठवणीचा आला. चोवीस तास रेकॉर्डिंग केलं तर कार्ड दोन दिवसांत भरणार. तीनशेसाठने दुसरा पर्याय काढला. हा कॅमेरा चेहरे ओळखतो. घरची माणसं सोडून देतो, फक्त परका माणूस आला की रेकॉर्ड करतो. कार्ड तीन महिने पुरतं. बाबांची तीस वर्षं गोदामपालाच्या नोकरीत गेलेली. सुतळीचा तुकडा सुद्धा त्यांनी कधी वाया जाऊ दिलेला नाही. घरच्यांची सारखी ये-जा साठवून जागा वाया घालवायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं असतं. हाच द्या, ते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी तीनशेसाठ येऊन पुढच्या व्हरांड्यात, दाराच्या वर, कॅमेरा बसवून गेला. ताई कानाच्या डॉक्टरांकडे गेली होती. घरच्यांचे चेहरे मोबाइलमधून मी भरत होतो. या मॉडेलमध्ये चार चेहरे बसायचे. बाबा झाले, आई झाली, मी झालो. चौथ्यासाठी मी ताईचा फोटो शोधत होतो, तेवढ्यात आई आतून भावजींचा फोटो घेऊन आली.

"आई, त्यांच्याचसाठी तर कॅमेरा लावलाय."

"लावला ना? मग झालं तर. पण अजून कागदोपत्री काही तुटलेलं नाही. उद्या सगळं सुरळीत झालं आणि हे यंत्र दारात उभं राहून त्यांना परका म्हणालं, तर तोंड कुठे लपवायचं? ताईचं काय, ती पुढच्या दाराने येतच नाही. तिला कोण विचारतंय."

बाबा म्हणाले, घाल बाबा, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी भावजींचा चेहरा घातला. त्यांचा मोबाइल नंबर घातला. नात्याच्या रकान्यात 'आप्त' असं निवडलं. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. आमची डोकी तेव्हा शाबूत होती, त्यामुळे ती सबबही देता येत नाही.

संध्याकाळी बाबांनी तालीम घेतली. व्हरांड्याच्या फरशीवर त्यांनी पिवळी चिकटपट्टी लावून चौकोन आखला. सूचना तीनच. मार चौकोनातच खायचा. उलटा हात उचलायचा नाही, नाहीतर मारामारी दिसेल. आणि चेहरा कॅमेऱ्याकडे ठेवायचा. आईने भावजी होऊन मला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने झोडपलं. मध्येच थांबून तिने विचारलं, तू रात्रीचं ताट उचललंस का, आणि नाही म्हटल्यावर तालमीत जरा जास्तच जीव आला. ताई खिडकीतून बघत होती. "तुम्हाला मार खायची इतकी हौस होती," ती म्हणाली, "तर आधी सांगायचं होतं. मी एकटीच खात बसले नसते."

तिला आतल्या खोलीत कडी लावून बसायचं, असं ठरलं.

भावजी अकरा दहाला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात व्यायामाच्या यंत्राचा दांडा. ते पायरी चढले तशी वर टिंग वाजलं आणि एक गोड बायकी आवाज म्हणाला, "घरचा माणूस आला आहे."

भावजींनी वर पाहिलं. त्यांना बरं वाटलं असावं.

"तिला बाहेर बोलवा."

"ती येणार नाही," बाबा म्हणाले आणि चौकोनात जाऊन उभे राहिले.

पहिला फटका कोपराच्या खाली बसला. खडू मोडावा तसा कोरडा आवाज आला. बाबांनी ओरडायच्या आधी चेहरा कॅमेऱ्याकडे वळवला. शिस्त म्हणजे शिस्त. दुसरा फटका मनगटाच्या वर बसला आणि बाबांचा पंजा भलत्याच दिशेला बघायला लागला. मी पुढे झालो. भावजींची कॅमेऱ्याकडे पाठ होत होती, म्हणून मी म्हटलं, "भावजी, तुम्ही जरा इकडून या ना, उजेड आहे." ते आले. दांड्याचं टोक त्यांनी सरळ माझ्या तोंडात घातलं. दात तोंडातच होते, पण जागेवर नव्हते. मी ते जिभेवर घेऊन कॅमेऱ्याला दाखवले. आई मध्ये आली आणि म्हणाली, जावईबापू, पुरे झालं आता, दमला असाल. त्यांनी तिचे केस धरले आणि तिला चपलांच्या कपाटावर घातलं. कपाट भिंतीला आपटलं, आई कपाटाला, आणि घरातल्या सगळ्या चपला आमच्या अंगावर येऊन पडल्या. समोरच्या घरातल्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

मग भावजींनी बाबांच्या मोडलेल्या हातावर बूट ठेवला, वजन टाकलं आणि आतल्या दिशेने शांतपणे सांगितलं, "बाहेर ये. नाहीतर डावाही घेतो."

बाबा डावा हात अंगाखाली लपवायला लागले. ते मला बघवलं नाही, पण चेहरा कॅमेऱ्याकडे ठेवायचा होता, म्हणून फार बघावंही लागलं नाही.

आतली कडी वाजली. ताई पुढच्या दाराने बाहेर आली, तीन महिन्यांत पहिल्यांदा. तिच्या हातात जुनी लोखंडी इस्त्री होती. तिने भावजींच्या गुडघ्यावर एक घाव घातला, तिरका, कापडावर खूण करावी तसा. भावजी खाली बसले. "वाटी," ते म्हणाले. निदान अचूक होतं. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा त्यांनी मध्ये धरलेल्या बोटांवर. दांडा घरंगळत पायरीखाली गेला.

आणि वर सायरन वाजायला लागला. लाल दिवा, आणि तोच गोड आवाज: "अनोळखी व्यक्ती. अनोळखी व्यक्ती. रेकॉर्डिंग सुरू आहे."

ते फुटेज मी ठाण्यात साहेबांबरोबर बसून पाहिलं. एकोणीस सेकंद. रंग उत्तम. अनोळखी बाई इस्त्रीने मारतेय. पांढऱ्या शर्टातला सज्जन माणूस हात जोडून विव्हळतोय. शर्टावर रक्त आहे. ते आमचं होतं, पण फुटेजमध्ये रक्ताखाली मालकाचं नाव येत नाही. मागे चौकोनात आम्ही तिघं ओळीने पडून कॅमेऱ्याकडे बघतोय. खाली यंत्राने स्वतःहून नोंद केलेली: घरची माणसं चार, परकी एक.

"या बाईने चौघांनाही मारलं?" साहेबांनी विचारलं.

मी तोंडातला कापूस काढून सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्याआधीचं दाखव. त्याआधीचं नव्हतं. साहेबांनी शब्द दिला होता, की फुटेज आणा, त्याच दिवशी हुकूम काढतो. त्यांनी शब्द पाळला. त्या बाईला आमच्या घरापासून दोनशे मीटरच्या आत यायला मनाई झाली, चार घरच्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी. बसस्टॉप त्याच दोनशे मीटरमध्ये होता.

ताई आता कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर राहते. टेबल गेलं. फोनवर चालू कानाने ऐकते. "अकरा महिने त्याने मारलं, ते कुणाला दिसलं नाही," ती परवा म्हणाली. "मी एकदाच मारलं, तर तारीख-वेळेसकट."

आई फोनच्या बाजूला बसून होती. ती उठून आत गेली आणि भावजींचा फोटो फाडून आली. यंत्रात तसं जमत नाही. तीनशेसाठ म्हणाला, चेहरा काढायचा तर त्या माणसाच्या मोबाइलवर कोड जातो, त्याने तो द्यावा लागतो. घरातल्या भांडणात कुणी कुणाला रागाच्या भरात काढू नये, म्हणून कंपनीने सोय केली आहे. भावजींनी कोड दिला नाही. त्यांना घरातून निघायचं नाही.

म्हणून काल मी ठाण्यात पुढील अर्ज दिला. पोच मिळाली आहे.

"मा. ठाणे अंमलदार साहेब यांस,

विषय: मारहाण पुन्हा करवून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते, की आमच्या बहिणीविरुद्धचा मनाई हुकूम पुराव्याअभावी रद्द होऊ शकत नसल्याने, आमच्या भावजींना येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या व्हरांड्यात हजर राहून पूर्वीचीच मारहाण त्याच क्रमाने करण्याचे लेखी आदेश व्हावेत. वडिलांचा उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डावा उपलब्ध करून देण्यात येईल. अर्जदाराचे पुढील तीन दात शिल्लक नसल्याने लगतचे तीन ग्राह्य धरावेत. गुडघ्याच्या दुखापतीमुळे भावजींना उभे राहणे शक्य नसल्यास खुर्ची देण्यात येईल. येताना त्यांनी चेहरा झाकून यावे, जेणेकरून यंत्र त्यांना परके समजेल. मात्र प्रत्यक्ष मारतेवेळी चेहरा उघडा ठेवावा, जेणेकरून आपण त्यांना ओळखाल. कळावे, आपला विश्वासू."