एकशेनव्वदचे वेढे

मी प्रयागबाई. बारामतीत इंदापूर रस्त्याला आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान हाय. विहिरीतली जळकी मोटर आणा, जुनं तांबं उपटून नवं भरून देते. तीस वर्षांत एक नग परत आला न्हाय. हे मी येईल त्याला नाक वर करून सांगायची, म्हणून तुमालाबी आधीच सांगून टाकते.

काम शिकवलं आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी. त्यांचा एकच नेम. गिऱ्हाईक काय बी बोलू दे, वेढे भरायचे ते एकशेनव्वद व्होल्टच्या हिशोबानं. कागदावर लाइट दोनशेतीसची असती, पण उसाला पाणी सुटलं, सगळ्यांचे पंप एकदम चालू झाले की रानात कशाची दोनशेतीस! दोनशेतीसची भरलेली मोटर नुसती घूं घूं करती आणि जळून जाती. वेढे कमी भरले की तीच मोटर पडक्या लाइटीवर पाणी उचलती. म्हणून तर काटेवाडी, सांगवीपासून लोक आमचं दुकान हुडकत येतात.

तर एक दिवस निरवांगीची करुणा आली. इंदापूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला हाय. पिशवीतून कागद काढला आणि म्हणली, "मावशी, ट्रान्सफॉर्मर भरून द्याल का? आत दोनशेतीस, बाहेर बत्तीस, तीनशे व्हीए ताकदीचा."

"कशाला पायजे?"

"घरी लाकूड कोरायचं मशीन केलंय. तीन स्टेपर मोटरी हायेत, तीन-तीन अँपिअरच्या."

"मग नऊ अँपिअर झाले की गं. तीनशेत काय व्हतंय? पाचशेचा घे, मरस्तोवर टिकंल."

ती हसली. "न्हाय मावशी. ह्या मोटरी एकदम सगळा करंट ओढत न्हायती. बेरजेच्या दोन तृतीयांश धरला तरी बास व्हतंय."

"म्हंजी पत्रिका तीनशे वाटल्या तरी पंगतीला पानं दोनशेच."

"अगदी तसंच. पण व्होल्टला जपायचं. बत्तीस व्होल्ट डायोड-कपॅसिटरमधून गेले की पंचेचाळीस व्हतात. मोटरीला मोजून पावलं टाकायला लावणारं जे कार्ड असतं ना, ड्रायव्हर, ते पन्नासच्या वर गेलं की मेलं. म्हणून बत्तीस. लाइट अडीचशेवर गेली तरी पन्नासच्या आत बसतंय."

हिशोब पोरीनं झकास केला व्हता. मला तवाच कळायला पायजे व्हतं.

मशीन कशाला, तेबी तिनं सांगितलं. तिचे वडील बुद्धघोष, लाकडावर नावं कोरणारे. छप्पन साली त्यांच्या वस्तीतल्या एकतीस माणसांनी बौद्ध धम्म घेतला. त्यानंतर वस्तीत जे पहिलं पोर जन्मलं, ते हे बुद्धघोष. त्या एकतीस जणांची नावं एका सागवानी फळीवर कोरून विहारात लावायची, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं व्हतं. चोवीस नावं झाली आणि हात थरथरायला लागला. औषधं झाली, मालिश झालं. थरथर वाढतच गेली. दुसऱ्या कारागिराला ते फळीला हात लावू देईनात. मग करुणानं त्यांच्या कोरलेल्या चोवीस नावांतनं एकेक अक्षर उचलून कॉम्प्युटरात घातलं. उरलेली सात नावं मशीन कोरणार, पण अक्षर त्यांचंच.

"सातांत माझ्या आजीचं नाव हाय, अक्काबाई," ती म्हणली. "ते बाबांनी शेवटाला ठेवलं व्हतं. चांगलं निवांत कोरायचं म्हणून."

मी कागद खिळ्याला अडकवला आणि भरायला बसले. आता खरं सांगते. चूक हातानं केली न्हाय, डोक्यानं केली. मनात म्हणलं, पोरगी शिकलेली हाय, पण रानातल्या लाइटीचं हिला काय ठाऊक? वस्तीवर एकशेनव्वद येणार, मशीन रडत बसणार. आतल्या बाजूला दोनशेतीसचे सहाशेनव्वद वेढे लागत व्हते, मी पाचशेसत्तर भरले, म्हंजी एकशेनव्वदवरच बाहेर बत्तीस येणार. तिला बोलले न्हाय. सिरीज दिव्यावर तार तुटली-चिकटली न्हाय एवढंच तपासलं आणि दिला. वाटलं, पोरीचं कल्याण केलं. जी बाई जन्मापासनं निरवांगीत ऱ्हाती, तिला निरवांगीची लाइट मी बारामतीत बसून शिकवत व्हते. काय म्हणावं ह्या अकलेला!

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "मावशी, सकाळी अकराला मोजलं. बरोब्बर बत्तीस!" मी लई फुशारले. अकराला सगळ्या शिवाराचे पंप चालू असतात, ते थांबले की आकडा चढणार, हे डोक्यात आलं न्हाय.

पाचव्या दिवशी ती दारात उभी. तोंड उतरलेलं, हातात तोच ट्रान्सफॉर्मर.

"माझाच हिशोब चुकला, मावशी," म्हणली. रोज सकाळी पंप चालू असताना सहा नावं सुरेख झाली व्हती. सातवं, आजीचं, पहिल्यांदाच दुपारी लावलं व्हतं. तीनला थ्री फेज, म्हंजी पंपांची लाइट, गेली, शिवारातले पंप एका झटक्यात बंद झाले. घरातला दिवा भक्कन उजळला, आणि तिन्ही ड्रायव्हर धूर काढून गेले. कोरणी उचलून धरणाऱ्या मोटरीचा जोर गेला, आणि फिरती कोरणी तशीच खाली फळीत बसली. आजीच्या नावावर आरपार भोक.

"बाबा काय म्हणले?"

"त्यांनी फळी भिंतीकडं तोंड करून ठेवली. पटाशी, हातोडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली." तिनं ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवला. "मला अठ्ठावीस व्होल्टचा भरून द्या. मला वाटतं लाइट किती चढती, त्याचा मी अंदाज कमी धरला."

बोलायला पायजे व्हतं, तिथंच. एकबी नग परत न आलेलं दुकान, आणि हा नग समोर टेबलावर. "परवा येते मी घेऊन," एवढंच म्हणले. ती बिचारी मलाच थँक्यू म्हणून गेली.

ती गेल्यावर तांबं उपटलं. एकेक वेढा मोजत उपटला, उगाच आशा म्हणून. पाचशेसत्तरच भरले. मग सहाशेनव्वद भरले, बाहेर बत्तीसच ठेवले, तिच्या कागदाप्रमाणं. नवे ड्रायव्हर पुण्याहून मागवले आणि एसटीनं निरवांगी गाठली.

बुद्धघोषदादा ओसरीवर बसले व्हते. उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरलेला. "जय भीम दादा," म्हणले आणि चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. आप्पांचा नेम, पाचशेसत्तर वेढे, सगळं. "तुमच्या पोरीचा हिशोब पैशाला पैसा बरोबर व्हता. चूक माझी हाय."

करुणा म्हणली, "तीन दिवस मी झोपले न्हाय, मावशी." माझ्या तोंडात मारल्यागत झालं.

दादा बोलले. आवाज चढवला न्हाय. "बाई, तुमी आमच्या भल्याचंच बघितलं, हे कळतंय. पण आमाला न इचारता आमचं भलं ठरवणारी माणसं ह्या फळीवरच्या एकतीस जणांनी जन्मभर बघितली. तुमी तरी इचारायचं."

मी मान खाली घातली. आपण दोष कबूल केला म्हंजी मोठं काम केलं, असं वाटत व्हतं बघा, तेबी गेलं.

दादा उठले. फळी भिंतीकडनं फिरवली आणि करुणाला म्हणले, "भोकात सागाचाच तुकडा बसव. ठिगळ दिसलं तर दिसू दे."

ठिगळ घासून सारखं करायला दीड वाजला. मशीन चालू केलं, सावकाश. पंप चालू व्हते, लाइट पडकी, मोटरी दमानं चालत व्हत्या. करुणा म्हणली, "कमी व्होल्टला नुसतं हळू व्हतंय, मावशी. मरत न्हाय." माझ्या पंपाचं बरोबर उलटं. तीस वर्षं मी एकाच भीतीला उत्तर देत आले, दुसरीबी भीती असती हे कुणी सांगितलं न्हाय, आणि मी इचारलं न्हाय.

तीन वाजले. लांब रानातली पंपांची घरघर एकदम थांबली. दिवा भक्कन उजळला. मी मीटर धरून बसलेली, जीव मुठीत. चाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. आकडा सत्तेचाळीसवर थांबला. कोरणी चालत ऱ्हायली. अक्काबाईच्या नावाचा भुसा फळीवरनं खाली सांडत ऱ्हायला.

काम झाल्यावर करुणानं फुंकर मारून फळी साफ केली. ठिगळ दिसत व्हतं, पण अक्षर त्याच्यावरनं सलग गेलं व्हतं. माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, "दादा, बरोबर आलंय का?" तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला हे पहिल्यांदा इचारत व्हते.

दादांनी मांडीवर दाबलेला हात सोडला. तो हवेत थडथड उडाय लागला. तसाच नेऊन त्यांनी बोट आईच्या नावाच्या खाचेत टेकवलं आणि पहिल्या अक्षरापासनं हळूहळू फिरवत नेलं. खाचेच्या दोन्ही कडांनी बोट धरून ठेवलं व्हतं. शेवटच्या अक्षरापर्यंत ते एकदाबी थरथरलं न्हाय.

"व्हय," म्हणले. "माझंच अक्षर हाय."