कुबड्यांची सभा

लोक त्याला कॅप्टन म्हणत. सैन्यात तो ट्रक चालवायचा. सुरुंगावर डावा पाय गुडघ्याखालून गेला, तो निवडणुकीला उभा राहिला आणि लोकांनीच त्याला परस्पर बढती दिली. बायकोने सुरुवातीला दोन-चार जणांना खरं सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

निवडून आल्यावर एक काम मात्र त्याने धडाक्यात केलं. कृत्रिम पाय बनवणाऱ्या सरकारी केंद्रातला वशिला मोडून काढला. नंबर येईल तेव्हा पाय. नंबर चुकवला की पुन्हा शेवटी, मग तो कुणी का असेना. तशी पाटी त्याच्या सहीनिशी दारावर लागली.

पाच वर्षांच्या सत्काराच्या जेवणांनी तो अंगाने भरला, तसा डाव्या पायाचा उरलेला भागही भरला. जुना कृत्रिम पाय त्यावर चढेना. ओढूनताणून चढवला तर कातडी सोलून निघे. डॉक्टरांनी तो घालायला बंदी केली. नव्यासाठी आठ महिन्यांची रांग होती. त्याने गुपचूप अर्ज भरला आणि कुबड्या घेतल्या. त्यानंतर तो न्हाणीघरात दोनदा पडला. "तिसऱ्यांदा खुबा जाईल," डॉक्टर म्हणाले, तेही त्याच्या बायकोकडे बघून.

निवडणूक पुन्हा आली. प्रचारप्रमुख कुबड्यांवर बेहद्द खूश होता. "साहेब, तुम्ही नुसतं व्यासपीठ चढा. भाषण त्या करतात."

मग केंद्राचं पत्र आलं. बुधवारी सकाळी दहा. शेवटची सभाही बुधवारी, दहालाच.

"एकदा मतदान होऊ द्या," प्रचारप्रमुख म्हणाला. "मग पाय काय, पंख लावू."

"नंबर जाईल," ती म्हणाली.

"वहिनी, साहेबांचा नंबर जातोय कुठे? एक फोन करतो."

"फोन नाही करायचा," कॅप्टन म्हणाला. थोडा वेळ त्याने पत्राची घडी घातली, उलगडली. "पुन्हा नंबर लावू. आठ महिने काय, बघता बघता जातात."

त्याचे जात असतील. तिचे न्हाणीघराच्या दाराला कान लावून जायचे.

बुधवारी नऊला प्रचाराची जीप झेंडे न्यायला आली. झेंड्यांबरोबर तिने कुबड्याही आत टाकल्या. "साहेब माझ्या गाडीतून येतायत," तिने सांगितलं. मग त्याला खांद्याचा आधार देऊन गाडीत बसवलं.

"कुबड्या?"

"पुढे गेल्या."

चौकात तिने गाडी डावीकडे घेतली.

"अगं, मैदान उजवीकडे."

"माहितीये."

"थांबव गाडी. मी उतरतो."

"उतरा की. कशावर उतरणार?"

त्याने बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "लोक वाट बघतायत माझी."

"त्यांना बघायच्यात त्या पोचल्या असतील एव्हाना."

स्वतःच्या सहीच्या पाटीखालून तो तिच्या खांद्यावर हात टाकून एका पायाने उड्या मारत आत गेला. म्हाताऱ्या कारागिराने ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. "साचा धरेपर्यंत हलायचं नाही."

फोन वाजला. तिने उचलला.

"वहिनी, कुबड्या आल्या, साहेब कुठेत?"

"साहेब नंबरात आहेत. तुम्ही कुबड्यांपुढे माइक धरा. भाषण त्या करतात ना?"

कॅप्टन आधी गालातल्या गालात हसला, मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि पोटाबरोबर पाय. कारागिराने कपाळाला हात लावला.

साचा पुन्हा घ्यावा लागला. मैदानावर लोकांनी साडेअकरापर्यंत वाट पाहिली म्हणे.